मूठभर गुंतवळ

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उतरा आणि कुणालाही विचारा, केसांचे टोप करणारी शर्मिला हाटे कुठे राहते. विचारलेला माणूस हात करून रस्ता दाखवेल, पण त्याआधी तुमच्या डोक्याकडे एकदा बघून घेईल. सोबत बायको असेल तर तिच्याही डोक्याकडे बघेल. आपल्याकडच्या माणसांना दुसऱ्याचं दुखणं डोळ्यांनी चाचपल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला काय करणार.

शर्मिलाला तसलं बघणं जमत नाही. दारात आलेल्या बाईला ती आधी पाणी देते, मग दार लोटून घेते आणि म्हणते, "काढा आता पदर. हितं कोण नाय." अकरा वर्षं ती मुंबईत एका कारखान्यात टोप विणत होती. नवरा गेल्यावर महाडला आली, बाजारपेठेत खोली घेतली, आणि एकवीस सालच्या पुरात खोलीतले केस, जाळ्या, लाकडी डोकी सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून ती पोलादपूरला आईकडे राहते. आई म्हणजे जानकीबाई. पंचाहत्तरीची बाई, कानाने अधू, तोंडाने अजिबात नाही.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खिडकीखाली लाकडी डोकं आणि त्यावर ताणलेली जाळी. बारीक आकडीने एकेक केस जाळीच्या भोकातून ओढायचा आणि गाठ मारायची, हे पुढच्या भागाचं काम. मागच्या भागाला दोऱ्यावर विणलेल्या केसांच्या पट्ट्या शिवायच्या. पण ह्या धंद्यातली खरी विद्या वेगळीच आहे. केसाला मूळ असतं आणि शेंडा असतो, आणि टोपातले झाडून सगळे केस एकाच दिशेने लागले पाहिजेत. एखादा पुंजका उलटसुलट लागला तर केसात केस अडकतो आणि काही आठवड्यांत अशी गाठ बसते की कंगवा मोडेल पण गाठ सुटणार नाही. म्हणून वेणी कापण्याआधी तिच्या मुळाशी लाल दोरा बांधतात. दोरा नसेल तर मूळ कुठलं ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मग केस चिमटीत धरून अंगठा पुढेमागे चोळायचा. केस हळूच सरकतो, आणि सरकतो तो नेहमी मुळाच्याच बाजूला. असे हजारो केस एकेक करून निवडावे लागतात.

हे शर्मिलाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. म्हणून तर मला तिचा राग येतो. ज्याला येत नाही त्याने चूक केली तर आपण सोडून देतो.

अपेक्षा तिच्याकडे आली ती आषाढात. वरंधकडच्या एका वाडीतली सून, तिथल्याच शाळेत शिक्षिका, वय चौतीस, पदरी सात वर्षांची मुलगी देवश्री. नवरा ओंकार महाडच्या एमआयडीसीत कामाला. अपेक्षाच्या छातीत गाठ निघाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर तीन आठवड्यांनी एक अशी आठ इंजेक्शनं, मग ऑपरेशन. वेळेवर घेतलीत तर बरं वाटायची आशा चांगली आहे. आणि पहिल्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांत केस जातील. अपेक्षाने केस जायची वाट बघितली नाही. फोनवर शर्मिलाला विचारून, लाल दोरा बांधून वेणी कापली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली.

"ताई, टोप माझ्याच केसांचा पाहिजे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा एक केससुद्धा नको."

शर्मिलाने वेणी हातात तोलली. लांब होती, पण बारीक. "एका वेणीत टोप होत नाय गो. दोन-तीन वेण्या लागतात."

"मला वाटलंच होतं." अपेक्षाने दुसरी पिशवी पुढे केली. तिच्यात गुंतवळ होती. विंचरताना कंगव्यात केसांचं भेंडोळं येतं, ते. खेड्यातल्या बायका ते टाकत नाहीत. बोटाभोवती गुंडाळून पिशवीत कोंबतात आणि केसवाली दारावर आली की तिला देऊन भांडं घेतात. अपेक्षाने लग्नापासूनची दहा वर्षांची गुंतवळ साठवली होती. तिला झाकणाचं मोठं पातेलं घ्यायचं होतं म्हणे.

गुंतवळीत मूळ-शेंड्याचा काही पत्ता नसतो. कारखान्यात असती तर शर्मिलाने ती पिशवी दारातूनच परत पाठवली असती. पण समोरची पोर हसत होती, आणि पंधरा दिवसांनी हसेल की नाही कोण जाणे. "ठेव," शर्मिला म्हणाली. "करते मी."

"गौरीच्या आधी होईल ना? सणाला मुंबईचे सगळे येतात. त्यांच्यासमोर मला टक्कल घेऊन बसायचं नाही."

"होईल."

झालंही. पण कसं, ते ऐका. पुढची जाळी वेणीच्या केसांची, ती देखणी झाली. मागच्या पट्ट्यांसाठी शर्मिलाने गुंतवळ धुतली, सोडवली आणि केस निवडायला बसली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अंगठा चोळायची. अंगठ्याची कातडी सोलवटली, त्यावर चिकटपट्टी लावली तर केसाची सरक कळेना, म्हणून पट्टी काढून टाकली. गणपती चार दिवसांवर आले तेव्हा एक मूठ गुंतवळ निवडायची उरली होती आणि मानेवरची सगळ्यात खालची पट्टी विणायची उरली होती. शर्मिलाने त्या मुठीकडे बघितलं. खालची पट्टी, वरच्या केसांखाली झाकली जाणार. तिने ती मूठ तशीच, न निवडता विणून टाकली. ह्याला आमच्याकडे माती खाणं म्हणतात.

जानकीबाई तांदूळ निवडत बसली होती. "समदा निवडलास?" तिने विचारलं.

"निवडला, आये," शर्मिला म्हणाली.

टोप घ्यायला अपेक्षा आली तोवर तिच्या डोक्यावर केस उरला नव्हता. भुवयासुद्धा विरळ झाल्या होत्या. टोप चढवून ती आरशासमोर उभी राहिली, दोन्ही बाजूंनी मान वळवून बघितलं. मग तिने शाळेची वही काढली आणि शर्मिला सांगेल ते लिहून घेतलं. दहा दिवसांनी एकदा थंड पाण्यात बुडवून धुवायचा, चोळायचा नाही. उपड्या तांब्यावर सावलीत वाळवायचा. विंचरताना शेंड्यापासून सुरुवात करायची. तेल नको, घालून झोपायचं नाही. अपेक्षाने प्रत्येक ओळीपुढे आकडा घातला.

गौरीला ती टोप घालून, सुपात ववसा, म्हणजे गौरीला दाखवायचं सुवासिनीचं वाण, घेऊन बसली. मुंबईच्या जावांना कळलंसुद्धा नाही. सासू आवडीने तिची दृष्ट काढली. ही आवडी वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही लगेच तिला फासावर चढवाल. इंजेक्शन घेऊन आल्यावर सून चार-चार दिवस ओकायची. ते सगळं आवडीने स्वतःच्या हाताने काढलं होतं आणि एकदाही नाक मुरडलं नव्हतं.

तीन इंजेक्शनं झाली. छातीतली गाठ निम्म्यावर आली, डॉक्टर खूश झाले. आणि भाद्रपद सरता सरता मानेच्या घामाने आणि ब्लाउजच्या घासण्याने टोपाच्या खालच्या पट्टीत गाठ बसायला लागली. आधी करंगळीएवढी होती. अपेक्षाने शेंड्यापासून विंचरून बघितलं, पाण्यात भिजवून बघितलं. गाठ वाढतच गेली. मग तिने शर्मिलाला फोन लावला.

"ताई, मागे गाठ बसलीय. काही केल्या सुटत नाही."

कुठली पट्टी, कुठली मूठ, सगळं शर्मिलाला त्या क्षणी कळलं. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, की घेऊन ये बाय, माझं चुकलं. पण महाडच्या एका डॉक्टरीणबाईंनी नुकतेच तिच्याकडे पेशंट पाठवायला सुरुवात केली होती. अकरा वर्षांत कारखान्याच्या मालकाने तिचा एक टोप परत केला नव्हता. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"धुताना चोळला असशील तू."

"नाही ताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. वहीत बघून केलं."

"तेल लावलंस?"

"नाही हो."

"मग मला नाय सांगता येणार. माझ्या हातच्या कामात गाठ बसत नाय. आजवर एकीची बसली नाय." असं म्हणून तिने वेळ मारून नेली.

फोन स्पीकरवर होता आणि आवडी शेजारी भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकलं. सुनेने काही चुकीचं केलं नाही. करणारी म्हणते तिच्या कामात दोष नाही. केस सुनेच्याच अंगचे, आणि ते डोक्यावर घेऊन ती गौरीपुढे बसली होती. आवडीने विळी आडवी केली आणि म्हणाली, "मंग ही जट हाय."

बाईच्या केसात जट आली की देवीने तिला आपली म्हटलं, असं मानणारी घरं अजून आहेत. मग त्या जटेला कंगवा नाही, कात्री नाही, आणि देवीच्या झालेल्या अंगात सुया खुपसायच्या नाहीत. ज्या मुलीचे केस कापून टाकले, गळून गेले, तिच्याच केसांत देवी परत आली. आता औषध देवीचं. आवडीला ते इतकं सरळ दिसलं की तिला रडू आलं. सून वाचणार ह्याचं ते रडू होतं. चौथ्या इंजेक्शनची तारीख आली तेव्हा मुंबईला कुणी गेलं नाही.

शर्मिलाला हे कळलं दसऱ्याच्या सुमाराला. अपेक्षाच्या शाळेतली राजश्री नावाची शिक्षिका पोलादपूरला माहेरी आली होती, ती मुद्दाम घरी येऊन सांगून गेली. "गाठ निम्मी झाली होती हो. आणि ही बाई म्हणते, मला देवीने घेतलंय. एमए झालेली बाई."

राजश्री गेल्यावर शर्मिलाने हातातली आकडी खाली ठेवली. जानकीबाईला सगळं ऐकू आलं नव्हतं, पण जेवढं हवं तेवढं आलं होतं.

"ती मूठ तू निवडली नव्हतीस," ती म्हणाली. "मी बघितला होता."

"मग तेव्हा का नाय बोललीस?"

"तू निवडला म्हणालीस. पोटच्या पोरीला खोटी पाडू? ऊठ आता. जा नि सांग त्यांना. पाय धर हवं तर."

दुसऱ्या दिवशी शर्मिला महाडला उतरून वरंधच्या गाडीत बसली. वाटभर तिने वाक्यं जुळवली. एकदा वाटलं, धंदा बुडेल. मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेने ती जरा सरळ बसली.

ओंकार सुट्टीवर घरीच होता. अपेक्षा माजघरात भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला सुती ओढणी गुंडाळलेली. पंधरा दिवसांत तिच्या तोंडावर थोडी रया आली होती. जेवण जात होतं, ओकारी थांबली होती. घरच्यांना त्यातही देवीच दिसत होती. टोप देव्हाऱ्याशेजारी पाटावर, पितळी कळशीवर चढवून ठेवला होता. हळदीकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. मागून अंगठ्याएवढी जट लोंबत होती. आपल्या हातचं काम असं पाटावर शर्मिलाला बघवेना.

तिने जुळवलेलं सगळं विसरून सरळच सांगितलं. "मावशी, ही जट नाय. ही माझी चूक हाय. मूठभर गुंतवळ न निवडता लावली मी. उलटसुलट केसांची गाठ बसतेच. फोनवर मी खोटं बोलले."

आवडीने तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली, "तुला डाक्टरनं पाठवलान का गो?"

"कुणी नाय पाठवलं. दाखवते ना मी. एक केस काढून चोळून दाखवते, तुमच्या डोळ्यांदेखत." शर्मिला उठून पाटाकडे गेली तशी आवडी मध्ये आली.

"हात लावू नको त्याला, बाय."

देवीचं म्हणून अडवलं, की हात शर्मिलाचा म्हणून अडवलं, हे शर्मिलाला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच घरात तिने आधी दोनदा चहा घेतला होता. ती जागच्या जागी उभी राहिली.

पण ओंकार चलबिचल झाला होता. त्याला चौथं इंजेक्शन चुकल्यापासून झोप नव्हती. "आई, बघू दे की तिला," तो म्हणाला. मग अपेक्षाकडे वळला. "तू दिली होतीस ना गुंतवळ? पिशवी भरून नेलेली मला आठवते."

शर्मिलाच्या जिवात जीव आला. सगळे अपेक्षाकडे बघत होते. अपेक्षाने शर्मिलाकडे बघितलं, अगदी सरळ, वर्गात पोरांकडे बघतात तसं.

"नेली होती. पण ती परत आणली आणि केसवालीला दिली," ती म्हणाली. "टोप सगळा वेणीचाच आहे. ताईंची काही चूक नाही. त्या माझ्यासाठी चूक अंगावर घेतायत."

"अपेक्षा, खोटं नको बोलू गो," शर्मिला म्हणाली. "देवश्रीकडे बघ."

अपेक्षाने डोळे मिटले. ओंकारने मान खाली घातली, आणि आवडीने पदराने डोळे पुसून शर्मिलाच्या पाठीवरून हात फिरवला. "मनाची मोठी हायेस हो तू," म्हणाली. आयुष्यात शर्मिलाला शिव्या खूप मिळाल्या होत्या, पण त्या एका वाक्याइतकं काही लागलं नव्हतं.

तिला पोचवायला अपेक्षा पायरीपर्यंत आली. दोघीच होत्या.

"मला सुरुवातीपासून माहीत होतं," ती हळू म्हणाली. "गाठ बसली तेव्हाच कळलं, गुंतवळीचे केस आहेत. मुलांना शिकवते मी, मला जट-बिट नका सांगू."

"मग चल ना. मी येते मुंबईला सोबत. राहते तिकडं तुझ्यापाशी."

"नाही जमत ताई. तोंड आतून सोललं होतं, पाणी गिळवत नव्हतं. सुई बघितली की अंगाला कापरं सुटायचं. अजून पाच, मग कापाकापी. तरी मी गेले असते. तुम्ही त्या दिवशी फोनवर 'माझं चुकलं' म्हणाला असतात तर टोप दुरुस्तीला टाकला असता आणि गेले असते मुकाट्याने. पण घरच्यांनी सोडलं मला. कुणीतरी म्हणालं, आता नको जाऊस. किती बरं वाटलं ते तुम्हाला नाही कळायचं. आता तुम्ही परत धरू नका."

शर्मिलाने धरलं तरी. रोज फोन केले. सरकारी दवाखान्याच्या आशाताईला पाठवलं, राजश्रीला पाठवलं, महाडच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली आणि त्यांना वाडीवर घेऊन गेली. अपेक्षाने सगळ्यांना चहा केला आणि सगळ्यांना तेच सांगितलं. दिवाळीनंतर ओंकारने शर्मिलाचा फोन घेणं बंद केलं. पौषात दुखणं फुप्फुसात उतरलं. मग मात्र तिला मुंबईला नेलं, उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. माघात ती गेली.

डॉक्टरीणबाईंनी पेशंट पाठवणं थांबवलं, ते शर्मिलाने मुकाट्याने घेतलं. खरा तिटकारा तिला वेगळ्याच गोष्टीचा होता. आवडीने गावभर सांगितलं होतं की पोलादपूरची बाई देवमाणूस आहे, तिच्या हातात गुण आहे. नवस बोलल्यासारख्या दोन-तीन बायका लांबून आल्या. शर्मिलाने त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि का ते सांगून पाठवलं.

फाल्गुनात एका दुपारी ओंकार आला. दाढी वाढलेली, कंपनीचा शर्ट. जानकीबाईने पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही.

"एकच विचारायला आलोय," तो म्हणाला. "ती गुंतवळ तिने खरंच परत नेली होती?"

नेली होती, म्हणायला काही लागलं नसतं. माणसाला रात्री झोप आली असती. शर्मिलाने जानकीबाईकडे बघितलं, पण म्हातारी खाली बघत होती. एकदा खोटं बोलून काय झालं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

"नाय," शर्मिला म्हणाली. "इथेच होती. सगळी टोपातच गेली."

"मग ती खोटं का बोलली?"

"दमली होती ती, भाऊ."

ओंकार चपला घालायला वळला. "मला सांगायचं होतं ना," तो म्हणाला. "दमले म्हणाली असती तर थांबलो असतो की मी. आठ दिवस, पंधरा दिवस थांबलो असतो. आणि मग नेली असती. रडली असती, ओरडली असती तरी नेली असती."

तेच अपेक्षाला माहीत होतं, म्हणून तर ती खोटं बोलली, हे शर्मिलाच्या अगदी ओठावर आलं. तिने ते गिळलं आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.